रत्नाबाईंची उत्तरं

रत्नाबाईंना मी साडेतीन वर्षं ओळखत होते. म्हणजे त्यांना खिचडी पातळ लागते, चहात साखर दोन चमचे लागते, आणि अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या थंडीत त्या मुलाचे जुने लोकरी मोजे हातात घालून बसतात, एवढं मला माहीत होतं. बाकीचं सगळं त्या गेल्यावर कळलं, तेही त्यांच्या सुनेच्या, उपासनाच्या तोंडून. तरी मी ते आधी सांगते. माझ्यासारखं कुणी ते शेवटी ऐकू नये.

त्यांचा जन्म भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या नागपूरला आल्या. नवरा मोरेश्वर कापडगिरणीत मागावर होता आणि संध्याकाळी वस्तीतल्या जलशात गायचा. गाणी तो स्वतः रचायचा आणि एका दोनशे पानी वहीत उतरवून ठेवायचा. छप्पन्न सालच्या दसऱ्याला लाखो लोकांनी नागपूरच्या मैदानावर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यात ही दोघं होती. पांढरे कपडे घालून या, असा निरोप होता. नवं लुगडं घेण्याची ऐपत नव्हती. रत्नाबाईंनी जुनंच एक लुगडं सोड्यात उकळून पांढरं केलं, भाताच्या पेजेची खळ केली आणि दोरीवर वाळत घातलं. तो वास आपल्या नाकातून कधी गेलाच नाही, असं त्या सुनेला सांगायच्या. घरी परतल्यावर त्यांनी कोनाड्यातले देव काढले आणि कोनाडा दोन दिवस रिकामा ठेवला. येता-जाता त्या रिकाम्या जागेकडे बघून फार हलकं वाटायचं म्हणे. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याचं नाव ईश्वर. ते आधीच ठेवलेलं होतं, म्हणून राहिलं. मोरेश्वर हसून म्हणायचा, "घरात आता एवढाच एक ईश्वर उरला."

बासष्ट साली मोरेश्वर छातीच्या दुखण्यानं गेला. रत्नाबाई एका प्रसूतिगृहात आया म्हणून लागल्या आणि सव्वीस वर्षं तिथेच राहिल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. ईश्वर सहावीत असताना त्यानं आईला वाचायला शिकवलं, ते त्या गाण्यांच्या वहीवरून. गाणी त्यांना पाठ होती. ओळीखाली बोट ठेवून त्या गायच्या, आणि गाता गाता एकेक अक्षर ओळखीचं होत गेलं. पुढे त्या वर्तमानपत्रसुद्धा वाचायच्या. पण पुस्तक म्हटलं की त्यांच्या लेखी ती वही.

ईश्वर इंजिनियर झाला आणि ब्याऐंशी साली शिकायला अमेरिकेत आला. पहिल्या वर्षी त्याच्यासोबत दोन मराठी मुलं राहायची. तीन महिन्यांनी कुठूनसं त्यांना त्याची जात कळली. कुणी काही बोललं नाही. फक्त एका शनिवारी स्वयंपाकघरात दोन वेगळे कप्पे झाले, आणि त्याची ताटली, त्याचा पेला, त्याचं पातेलं वरच्या कप्प्यात गेलं. ईश्वरनं ती खोली सोडली. पुढे तो ज्या ज्या गावात राहिला तिथल्या मराठी माणसांना त्यानं स्वतःबद्दल काही सांगितलं नाही. त्याच्या आडनावावरून कळत नसे. लोक आपल्या मनानं धरून चालले, तो चालू देत गेला.

नव्वद साली तो, उपासना आणि मुलगी मैत्री श्रूजबरीला आले. माझा नवरा प्रसन्न आणि ईश्वर एकाच कंपनीत होते. आमची दोन्ही घरं पाच मिनिटांवर. ईश्वर मला दीपा वहिनी म्हणायचा. मैत्री आणि आमची प्रीता एकाच वर्गात. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात रत्नाबाई आल्या.

मी त्यांना मावशी म्हणायचे. त्या फार कमी बोलायच्या. मला वाटायचं, स्वभाव असेल. नंतर कळलं की ईश्वरनंच त्यांना सांगितलं होतं, लोकांत जरा कमी बोल. त्यांची बोली आमच्यापेक्षा वेगळी होती. घरात तो त्यांना 'माय' म्हणायचा आणि आमच्यासमोर 'आई'. बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो बेडरूममधल्या कपड्यांच्या कपाटात, आतल्या बाजूला लावलेला होता. रत्नाबाई रोज सकाळी कपाटाचं दार उघडून, लटकलेले कोट बाजूला सारून वंदना म्हणायच्या आणि दार लावून टाकायच्या.

माझ्याकडे जेवायला आल्या की त्या स्वतःचं ताट, वाटी, पेला स्वतः घासून ठेवायच्या. मी कितीदा म्हटलं, "मावशी, डिशवॉशर आहे, ठेवा तसंच." त्या हसायच्या आणि घासायच्या. आमच्या घरी मी कौतुकानं सांगायचे, बघा, जुन्या वळणाची माणसं.

पंच्याण्णवच्या दिवाळीला आमच्याकडे वीसेक माणसं होती. पुण्यातल्या डॉक्टरांचा विषय निघाला. माझ्या वडिलांचं तेव्हा ऑपरेशन व्हायचं होतं. मी म्हटलं, "तिथे एक नवा सर्जन आलाय. आडनाव ऐकलं आणि बाबांना फोनवर सांगितलं, दुसऱ्याकडे जा. कोट्यातून आलेला, कुठे काय कापेल कुणास ठाऊक." सगळे हसले. ईश्वरही हसला. रत्नाबाई माझ्या समोरच बसल्या होत्या. त्यांनी पुरीचा घास घेतला आणि खाली बघून खात राहिल्या. ते वाक्य मी विसरले होते. दीड वर्षानं उपासनानं शब्दन् शब्द मला परत ऐकवलं.

शहाण्णवच्या डिसेंबरमध्ये रत्नाबाईंना यकृताचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. डॉक्टरांनी दोन महिने सांगितले. वूस्टरजवळ एका चर्चच्या बायका शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांसाठी आठ खोल्यांचं एक होस्पिस चालवायच्या, तिथे त्यांना जागा मिळाली. मी एक दिवसाआड जायचे. उपासना नोकरी करत होती, माझ्याकडे वेळ होता, आणि खरं सांगायचं तर आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय याचं मला बरं वाटत होतं.

तिथे कॅरन नावाची एक सोशल वर्कर होती. चांगली बाई. प्रत्येक पेशंटच्या उशाशी ती एक कागद लावायची. पेशंट म्हणजे नुसता आजार नव्हे, माणूस आहे, हे नर्सेसना कळावं म्हणून त्यावर त्याची आवडनिवड लिहिलेली असायची. जानेवारीत एका दुपारी ती तो फॉर्म घेऊन आली. ईश्वर पलंगाच्या कडेला बसला होता. मी खिडकीजवळच्या खुर्चीत संत्रं सोलत होते. ती इंग्रजीत विचारायची आणि ईश्वर मराठीत सांगायचा.

पहिला प्रश्न सोपा होता, काय म्हणून हाक मारलेली आवडेल. त्या म्हणाल्या, "रत्नाबाई." कॅरननं तो शब्द दोनदा म्हणून बघितला.

मग ईश्वर म्हणाला, "आई, ती विचारतेय, तुझं आवडतं पुस्तक कोणतं. कुणीतरी वाचून दाखवेल."

रत्नाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. 

"नाही सांगितलंस तरी चालेल," ईश्वर म्हणाला.

"पोथी," त्या म्हणाल्या.

"कुठली हो, मावशी?" मी विचारलं. "माझ्याकडे दोन-तीन आहेत, मी आणून वाचेन."

"घरातली," त्या म्हणाल्या. "देवघरातली."

ईश्वरनं कॅरनला सांगितलं, प्रार्थनेचं पुस्तक. तिनं लिहून घेतलं.

पुढचा प्रश्न वासाचा होता. तिथे पेशंटच्या हातापायांना सुगंधी तेल चोळायचे. अत्तर, फूल, कुठलाही वास, ज्यानं बरं वाटतं, तो सांगा, असं कॅरन म्हणाली. ईश्वरनं ते सांगितलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रत्नाबाईंचा चेहरा उजळला. त्या उशीवरून थोड्या वर झाल्या.

"पांढऱ्या..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"पांढऱ्या चंदनाचा ना?" मीच पुरं केलं. "माझ्या आजीलाही तोच आवडायचा."

रत्नाबाईंनी मान हलवली. "हो. चंदनाचा."

ईश्वर खाली फरशीकडे बघत होता. त्यानं कॅरनला "सँडलवुड" म्हणून सांगितलं, आणि तिला लिहिता येईना म्हणून एकेक अक्षर सांगितलं.

शेवटचा प्रश्न तिनं पेन खाली ठेवून विचारला. तुमची श्रद्धा कशावर आहे, शेवटच्या वेळी कोणती प्रार्थना, कोणतं माणूस जवळ असावं असं वाटतं. ईश्वरला ते मराठीत सांगायला वेळ लागला. तो म्हणाला, "आई, देवाधर्माचं विचारतेय. तुझं काय लिहू?"

"तू सांग," रत्नाबाई म्हणाल्या.

"तू सांगशील ते लिहितो."

त्यांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी हसून मान डोलावली, सांगा, सांगा, अशा अर्थानं. तेव्हा त्या शाळेतल्या मुलीसारख्या अगदी शुद्ध, स्वच्छ उच्चारात म्हणाल्या, "आपल्या सगळ्यांचा जो देव आहे, तोच माझा."

मला भरून आलं. ईश्वरनं कॅरनला एक शब्द सांगितला, "हिंदू." तिनं चौकोनात खूण केली.

दुसऱ्या दिवशी तो कागद उशाशी लागला, आणि मी कामाला लागले. भारतीय दुकानातून चंदनाचं तेल आणलं. भजनांच्या कॅसेट आणि छोटा टेपरेकॉर्डर आणला. घरातलं गणपतीचं चित्र आणून पलंगासमोरच्या भिंतीवर लावलं, डोळे उघडले की दिसेल असं. जाईन तेव्हा पोथीचा एक अध्याय वाचायचे. नर्सेस कागद बघून हातापायांना तेल चोळायच्या, टेप लावायच्या. रत्नाबाई डोळे मिटून पडायच्या. मला वाटायचं, किती शांत आहेत.

पुढे उपासनानं सांगितलं की त्या वासानं त्यांना मळमळायचं. लहानपणी गावात ज्या घरासमोरून जायची मुभा नव्हती, त्या घरातून चंदनाचा वास यायचा. त्यांनी हे नर्सेसना सांगितलं नाही, सांगण्याइतकी भाषाही नव्हती. ईश्वरला मात्र एकदा म्हणाल्या, "बाबू, ते चित्र काढ ना. अन् माही वही आणून दे."

ईश्वर म्हणाला, "माय, दीपा वहिनी उद्या येतील. बरं दिसणार नाही. एक-दोन दिवसांनी काढू." वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात जयभीम लिहिलेलं होतं. तीही त्यानं आणली नाही.

त्यांनी पुन्हा मागितलं नाही. त्यानंतर त्या भिंतीकडे पाठ करून झोपायला लागल्या. नर्सेसना वाटलं कूस दुखत असेल, म्हणून त्या दर दोन तासांनी त्यांना परत चित्राच्या बाजूला वळवायच्या.

सत्याण्णवच्या फेब्रुवारीत, सकाळी नऊच्या सुमाराला रत्नाबाई गेल्या. मी तिथे होते. ईश्वर गाडी पार्क करून वर येत होता. कॅसेट चालू होती. त्यांचा हात मी धरला होता, तो त्यांनी सोडवून घेतला आणि पांघरुणाखाली नेला. मग श्वास थांबला.

अंत्यविधीला प्रसन्ननं मंदिरातले गुरुजी आणले. फॉर्मवर तसं लिहिलेलं होतं, आम्हाला तसंच माहीत होतं, आणि ईश्वर काही बोलत नव्हता. बर्फ पडत होतं, पंचवीस-तीस माणसं कोट घालून उभी होती. गुरुजींनी गोत्र विचारलं. ईश्वर नुसता बघत राहिला. त्यांनी पुन्हा विचारलं. प्रसन्न हळूच म्हणाला, "अरे, माहीत नसेल तर काश्यप म्हण. काश्यप चालतं."

ईश्वर म्हणाला, "काश्यप."

मैत्री तेव्हा तेरा वर्षांची होती. ती बापाजवळ उभी होती. ती इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "डॅड, हे आजीचं नाहीये. तुला माहितीये हे तिचं नाहीये." उपासनानं तिला जवळ ओढलं. लोकांना वाटलं, मुलगी दुःखानं बोलतेय. मलाही तसंच वाटलं. ईश्वर पाणी सोडत राहिला.

एप्रिलमध्ये आमच्या मराठी मंडळाचा वार्षिक अंक निघायचा होता. त्यात मी रत्नाबाईंवर एक पान लिहिलं. मनापासून लिहिलं होतं. देवभोळ्या, सोवळ्या मनाच्या, पोथी आणि चंदनात रमणाऱ्या, असं त्यात होतं. सोबत फोटो हवा होता, म्हणून मी उपासनाला फोन केला आणि लेख वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"दीपा, हे छापू नकोस," ती म्हणाली.

"का गं? काही चुकलं का?"

"मी येते तुझ्याकडे."

ती आली, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली, कोट न काढता. वर जे जे सांगितलं ते तिनं त्या दुपारी मला सांगितलं. वही, लुगडं, कोनाडा, दोन कप्प्यांचं स्वयंपाकघर, कपाटातला फोटो. ती रडली नाही. मधेच एकदा तिनं सिंककडे बघितलं आणि म्हणाली, "तुला वाटायचं, त्या भांडी घासतात ते सवयीनं. त्या मला म्हणायच्या, उद्या यांना कळलं तर, आपलं ताट यांनी धुतलं याचं यांना वाईट वाटायला नको."

 मी विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंत? मी काय तशी आहे का?"

तेव्हा तिनं मला दिवाळीतलं ते सर्जनचं वाक्य ऐकवलं. आवाज न चढवता, माझ्याच शब्दांत. मग म्हणाली, "त्या दिवशी घरी गेल्यावर आई ईश्वरला म्हणाल्या, तू हसलास ते बरं केलंस."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं हात मागे घेतला नाही, पण तो तसाच थंड, टेबलावर पडून राहिला. ती म्हणाली, "तू रड, दीपा. पण मी तुला समजावणार नाही. मला ते जमणार नाही."

संध्याकाळी मी प्रसन्नला सगळं सांगितलं. त्यानं ताट सिंकमध्ये ठेवलं. मग म्हणाला, "तरीच. मला त्याच्या आडनावाचं कोडं होतं." मी सोळा वर्षं या माणसाबरोबर संसार केला होता, आणि तेव्हा मला त्याचा राग आला नाही. आठ दिवसांपूर्वी मीही तेच म्हटलं असतं.

मी होस्पिसला गेले. कॅरनला म्हटलं, तो कागद चुकीचा होता, दुरुस्त करायचाय. तिनं माझं ऐकून घेतलं, दोनदा 'सॉरी' म्हणाली, आणि सांगितलं की पेशंट गेल्यावर ते कागद फाडून टाकतात. दुरुस्त करायला काही उरलेलं नव्हतं.

मग ईश्वरकडे गेले. तो घरासमोर पालापाचोळा गोळा करत होता. त्याच्या दाढीची खुंटं पांढरी वाढली होती. मी म्हटलं, "ईश्वर, माझं चुकलं."

"वहिनी, तुम्ही खुर्चीत बसला होतात," तो म्हणाला. "विचारलं मला होतं. जीभ माझ्या तोंडात होती." पाचोळा ओढायचा पंजा थांबवून तो पुढे म्हणाला, "मायनं जन्मात माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्या. दोन्ही मला उचलून देता आल्या असत्या. पाच मिनिटांचं काम होतं." आणि तो पुन्हा पालापाचोळा ओढायला लागला. 

मी अंकातला लेख काढून घेतला. मंडळात कुणी विचारलं तर काय सांगायचं, ते मला कळेना. खरं सांगितलं असतं तर जे त्यानं पंधरा वर्षं जपलं ते मी उघडं केलं असतं, न सांगितलं तर पुन्हा तेच खोटं. मी काहीच सांगितलं नाही. पण प्रसन्न कुणाशी तरी बोलला असावा. उन्हाळ्यात दोन पार्ट्या झाल्या, ईश्वरच्या घरी बोलावणं गेलं नाही. कुणाचं भांडण नाही, काही नाही. नुसतं बोलावणं गेलं नाही. मी बोलावलं, तेव्हा उपासनानं फोनवर सांगितलं की मैत्रीची परीक्षा आहे. जुलैत परीक्षा नसते, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये ते टेक्ससला, प्लेनोला गेले. सामानाचा ट्रक निघाला तेव्हा मी भाजी-पोळीचा डबा घेऊन गेले. उपासनानं डबा घेतला, 'थँक्स' म्हणाली. मैत्री गाडीत बसलेली होती, तिनं काच खाली केली नाही. प्रीतानं तिला दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. मी लिहिलेली तर मी टाकलीच नाहीत.

गेल्या वर्षी, नव्याण्णवच्या सप्टेंबरमध्ये, प्रसन्न कंपनीच्या कामाला डॅलसला गेला होता. एका मोठ्या ऑफिसच्या कॅफेटेरियात त्याला ईश्वर दिसला. चार-पाच सहकाऱ्यांबरोबर बसला होता, त्यात दोघं भारतीय होते. प्रसन्न उत्साहानं गेला आणि खांद्यावर हात ठेवून मराठीत म्हणाला, "काय रे, ओळखलंस का?"

ईश्वर उठून उभा राहिला, हात मिळवला, आणि इंग्रजीत हवेबद्दल, विमानाबद्दल, हायवेवरच्या ट्रॅफिकबद्दल बोलला. प्रसन्न मराठीत विचारत होता, तो इंग्रजीत उत्तरं देत होता. शेजारचा एक जण म्हणाला, "तुला मराठी समजतं? आम्हाला माहीतच नव्हतं." ईश्वर म्हणाला, थोडंसं समजतं, लहानपणी काही वर्षं त्या भागात राहिलो होतो.

प्रसन्ननं हे मला फोनवर सांगितलं. मी विचारलं, "तब्येत कशी वाटली?" तो म्हणाला, "बारीक झालाय." मग त्यानं फोन ठेवला.